संगमरवर एकटा येत नाही

संगमरवराशी माझे वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे वाचून आमच्या भाऊबंदांपैकी कोणीतरी म्हणेलच, की मास्तर नंदुरबारला जाऊन बसले आणि आता त्यांना गावाचे चांगले झालेले बघवत नाही. मी चित्रकलेचा शिक्षक आहे. नोकरी नंदुरबारला, मूळ काठीच्या बाजूचे. संगमरवरावर सकाळचे तिरपे ऊन पडले की तो आतून उजळल्यासारखा दिसतो. ते बघत मी अर्धा तास एका जागी उभा राहू शकतो, आणि बायकोची बोलणीही खाऊ शकतो. तरीसुद्धा आमच्या पाड्यावर संगमरवरी याहा मोगी बसवायचा जो विषय सध्या चालू आहे, त्याला माझा विरोध आहे. का आहे ते फोनवर सांगायला गेलो की पाच मिनिटांत दोन्हीकडचे आवाज चढतात. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. नातेवाईकांनी जरा सबुरीने वाचावे. ब्लॉगवरच्या मित्रमंडळींनीही वाचावे, कारण विषय आमच्या पाड्याचा असला तरी तुमच्याही गावात तो कुठल्या ना कुठल्या रूपात चालू असणारच.

विषय थोडक्यात असा. घरटी पाच हजार वर्गणी काढायची, जयपूरहून मूर्ती आणायची आणि देवाच्या जागी छोटेसे मंदिर बांधून ती बसवायची. ग्रुपवर कॅटलॉगमधला फोटोही आला. फोटोतली देवी गोरीपान, नाक सरळ, ओठ गुलाबी, अंगावर जरीचा शालू, डोक्यावर मुकुट. सोबत दुकानदाराचा निरोप : चेहरा हाच येईल, हातातल्या वस्तू सांगाल तशा करून देऊ.

त्या एका वाक्यावर मी अडकलो. बाकी सगळे वर्गणीच्या आकड्यावर अडकले होते.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. काठी हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या डोंगरात मोलगीजवळ वसलेले गाव. इंग्रजांच्या काळात खानदेशात जी छोटी छोटी मेवासी संस्थाने होती, त्यांतले हे एक. आज बाहेरच्या जगाला काठी माहीत आहे ती राजवाडी होळीमुळे. त्या होळीबद्दल पुढे लिहितोच. याहा मोगी ही आमची कुलदेवी. आमच्या बोलीत याहा म्हणजे आई. तिचे मूळ ठाणे देवमोगऱ्याला, गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, सागबारा तालुक्यात. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून आदिवासी माणसे येतात, टोपलीत धान्य घेऊन येतात. ती धान्याची आई. दुष्काळात तिने माणसे आणि गुरे जगवली, ही तिची कथा लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते.

पाड्यावर मात्र तिची मूर्ती नाही. जुन्या झाडाखाली शेंदूर लावलेले दगड आहेत, एक लाकडी खांब आहे. पेरणीच्या आधी, नवीन धान्य खायच्या आधी, घरात कोणी आजारी पडले तर, पुजारा तिथे जाऊन बसतो, मोहाची धार सोडतो, बोलायचे ते बोलतो. दार नाही, कुलूप नाही, वेळ नाही.

आता माझ्या चुलतभावाची बाजू मांडतो, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तो म्हणाला, "दादा, सगळ्यांचे देव पांढरे झाले, आपलाच का दगडधोंड्याचा? माझ्या पोरीला शाळेत विचारतात, तुमचा देव कुठे आहे? ती काय दाखवणार? झाडाखालचे दगड?" यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. ज्या माणसाच्या देवाला पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी धोंडा म्हटले, त्याला आपला देवही झळाळता असावा असे वाटणे यात काय चूक आहे? त्यात अलीकडे आमच्या भागातली सगळी माणसे एकदा तरी केवडियाला जाऊन तो १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा बघून आली आहेत. तो २०१८ साली उभा राहिला, देवमोगरा ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात. एवढे मोठे काहीतरी बघून परत आल्यावर झाडाखालचे दगड लहान वाटणारच.

म्हणजे पोरीचा प्रश्न खरा आहे. माझे म्हणणे इतकेच, की कॅटलॉगमधली मूर्ती हे त्याचे उत्तर नाही.

आधी पांढऱ्या रंगाचेच बघू. पांढरा संगमरवर म्हणजे शुद्ध, वरच्या दर्जाचा, देवाला शोभणारा, ही समजूत कुठून आली? आपल्याकडच्या जुन्या मूर्ती आठवून बघा. पंढरपूरचा विठोबा काळा. वेरूळचे कैलास लेणे काळ्या कातळात कोरलेले. महाराष्ट्राची भुई लाव्हाच्या बेसाल्टची, आमचा सातपुडाही इथे त्याच दगडाचा. संगमरवर आपल्या मातीतला नव्हेच. तो राजस्थानातून येतो, मुख्यतः मकराण्याहून. ताजमहाल त्याचा, कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियलही त्याचेच. दगड उत्तमच आहे. पण तो देवाचा दगड आणि काळा तो धोंडा, हे कोणी ठरवले?

पांढऱ्या संगमरवराचा दबदबा जगभर पसरला तो ग्रीक-रोमन पुतळ्यांमुळे. आणि गंमत अशी, की ते पुतळे मुळात पांढरे नव्हतेच! ग्रीकांनी त्यांचे देव रंगवले होते. केस, डोळे, ओठ, कपड्यांचे काठ, सगळे रंगीत. शेकडो वर्षे मातीत राहून आणि पाऊस खाऊन रंग गेले, पांढरा दगड उरला. युरोपातल्या विद्वानांनी त्या उरलेल्या पांढऱ्यालाच सौंदर्याचा आदर्श म्हटले. विंकेलमान या जर्मन अभ्यासकाचा प्राचीन कलेच्या इतिहासाचा ग्रंथ १७६४ सालचा. त्याच्यानंतर तर पांढऱ्या पुतळ्यांचे वेडच लागले. ते वेड कुठवर जावे? १९३७-३८ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पे आणखी पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी घासली गेली. दगडाचा मूळ वरचा थर काही ठिकाणी कायमचा गेला. पुढे २००३ साली म्युनिकमध्ये विन्झेंझ ब्रिंकमान यांनी जुन्या रंगांच्या खुणा तपासून बनवलेल्या रंगीत प्रतिकृतींचे प्रदर्शन भरवले. अशा प्रतिकृती पाहून अनेकांना धक्का बसतो. भडक वाटतात म्हणे, जत्रेतल्यासारख्या.

मला त्या रंगीत प्रतिकृतींचे फोटो पाहून आमचा शेंदूर आठवला. दगडाला रंग लावला की देव जागा होतो, हे आमच्या आजीला कोणी शिकवले नव्हते. म्हणजे ज्यांच्या नावाने पांढऱ्या दगडाचा मोठेपणा सांगितला जातो, ते ग्रीक आमच्या पुजाऱ्याच्या जास्त जवळचे निघाले!

पण ग्रीक कलेची नक्कल करणारे सगळेच फसले असे मला म्हणायचे नाही. उलट आपल्याकडची दोन उदाहरणे सांगतो, ती मला फार मोलाची वाटतात.

पहिले गणपतराव म्हात्रे यांचे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. तिथे विद्यार्थ्यांसमोर ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे ठेवत, आणि ते बघून हात तयार करायला लावत. म्हात्रे त्याच शाळेत शिकले. १८९६ मध्ये, विशीच्या आसपास असताना, त्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली. देवळाकडे निघालेली एक तरुणी. पुतळा प्लास्टरचाच, पण नाव देशभर झाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत त्यावर लेख लिहिला. त्यात ग्रीक शिक्षण दिसते : अंगाचा तोल, वस्त्राच्या चुण्या, स्थिरपणा. पण बाई ग्रीक नाही. नऊवारी नेसलेली, आपल्या चालीने निघालेली मराठी बाई आहे. तंत्र परक्याकडून घेतले आणि चेहरा घरचा ठेवला. व्हीनसच्या हातात आरतीचे तबक देऊन भागवले नाही. कॅटलॉगवाला नेमके तेच करतो आहे.

याच म्हात्र्यांनी पार्वतीला शबरीच्या, म्हणजे भिल्लिणीच्या रूपातही घडवले. मराठी घरांत ती कथा सगळ्यांना माहीत असते : शंकर रुसून रानात गेला, आणि त्याला परत आणायला पार्वती भिल्लीण होऊन गेली. मोठा शिल्पकार, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण मी स्वतः भिल्ल असल्यामुळे त्या कथेशी जरा थबकतो. कथेत भिल्लीण हा देवीने चढवायचा आणि काम झाले की उतरवायचा वेष आहे. आमची याहा मोगी वेष घेतलेली नाही. ती आमच्यातलीच आहे. जयपूरच्या फोटोत तर प्रकार बरोबर उलटा झाला आहे. इथे आमच्या आईलाच दुसऱ्या कोणाचा वेष चढवला आहे, आणि तो उतरवायची सोयही नाही, कारण तो दगडात कोरलेला असणार.

दुसरे उदाहरण तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले. शिर्डीची साईबाबांची मूर्ती. बाळाजी वसंत तालीम यांनी ती इटलीहून आलेल्या संगमरवरात घडवली आणि १९५४ च्या विजयादशमीला ती बसवली गेली. तालीमही जे. जे.चेच. साईबाबा १९१८ साली गेले होते, त्यामुळे शिल्पकारापुढे आधार होता तो कृष्णधवल फोटोचा. आता विचार करा, त्यांनी सोपा रस्ता धरला असता तर? ऋषीमुनींचा ठरीव चेहरा, लांब दाढी, पद्मासन. त्यांनी पायावर पाय टाकून बसलेला, डोक्याला फडके बांधलेला एक म्हातारा फकीर केला. गाल बसलेले, नजर सरळ तुमच्याकडे. पांढरा दगड, पण माणूस तोच. म्हणून ती मूर्ती पकडते. तिच्या नंतर गल्लोगल्ली ज्या नकला झाल्या त्यांत मूर्तीची नक्कल आहे, माणूस नाही. आणि तिथेही बघा, फाटक्या कफनीतल्या फकिराच्या वाट्याला आज सोन्याचे सिंहासन आणि मुकुट आले आहेत. भक्तांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. फक्त दगडाची ओढ कुठल्या दिशेला असते ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आजचे शिल्पकार संगमरवराचे काय करतात, हेही जरा बघू. नाहीतर मास्तर जुन्यातच रमले असे व्हायचे :)

पॅरिसच्या लूव्हरमध्ये व्हीनस डी मिलो आहे. १८२० मध्ये मिलोस बेटावर सापडलेली, दोन्ही हात तुटलेली. जग तिच्यापुढे उभे राहून वा वा म्हणते. मार्क क्विन या इंग्रज शिल्पकाराने विचारले असावे, की दगडाच्या बाईला हात नसले तर सुंदर, मग जिवंत बाईला नसले तर? ॲलिसन लॅपर ही चित्रकार जन्मतःच हात नसलेली. ती गरोदर असतानाचा तिचा साडेतीन मीटर उंचीचा पुतळा त्याने काराराच्या पांढऱ्या संगमरवरात केला, आणि २००५ साली तो लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभा राहिला, सेनापतींच्या पुतळ्यांच्या शेजारी. पुष्कळ वाद झाला. पण मला ते काम पटते. जो दगड सैन्य आणि देवांसाठी राखून ठेवला होता, तो त्याने एका अशा बाईला दिला जिच्याकडे लोक नजर चुकवून बघतात.

दुसरा फाबिओ व्हिआले, इटालियन. तो प्राचीन पुतळ्यांच्या हुबेहूब संगमरवरी प्रतिकृती करतो आणि त्यांच्या अंगावर गोंदतो! जपानी याकुझांच्या, रशियन कैद्यांच्या अंगावर असते तसले गोंदण, रंग दगडात मुरवून. २०१८ मध्ये म्युनिकच्या ग्लिप्टोथेकमध्ये, म्हणजे ग्रीक-रोमन शिल्पांच्या खास संग्रहालयात, त्याचे प्रदर्शन भरले होते. गोंदलेल्या पाठीची ती व्हीनस इंटरनेटवर बघितली आणि मला आमची आजी दिसली. तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण होते. मेल्यावर बाकी सगळे इथेच राहते, एवढेच अंगाबरोबर येते, असे ती म्हणायची.

आता जयपूरच्या त्या फोटोत मी गोंदण शोधले. नाही. आजीचे जाड चांदीचे दागिने शोधले. नाहीत. उन्हाने रापलेली कातडी, डोंगर चढून भरलेल्या पोटऱ्या, गुडघ्याच्या वर खोचलेले लुगडे, काही नाही. एका इटालियन माणसाला व्हीनसच्या पाठीवर गोंदावेसे वाटते, आणि आम्ही आमच्या आईच्या कपाळावरचे गोंदण पुसून तिला गोरी करायला घरटी पाच हजार देणार. हा हिशेब मला जमत नाही.

यात जयपूरच्या कारागिरांचा दोष नाही, हेही नीट लिहितो. तिथल्या खजानेवालों का रास्ता या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या मूर्तिकार बसलेले आहेत, त्यांच्या हातात जी सफाई आहे ती माझ्या सात जन्मांत यायची नाही. अलीकडे यंत्रेही आली आहेत. काराराला तर संगणकावर चालणारे यांत्रिक हात पुतळे कोरतात. यंत्राचेही मला वावडे नाही. हाताने कोरा की यंत्राने, समोर चेहरा कोणाचा ठेवला हे महत्त्वाचे. आम्ही कारागिराला याहा मोगीबद्दल काहीही सांगितलेले नाही. मग तो बिचारा त्याला येणारा चेहरा देणार, दुसरे काय करणार?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि हा वडीलधाऱ्यांनी जरूर वाचावा.

संगमरवर हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुनखडीचाच भाऊ. कॅल्साइट. मऊ असतो म्हणून त्यात डोळ्याची पापणीसुद्धा कोरता येते, आणि प्रकाश थोडा आत शिरतो म्हणून कातडीसारखा दिसतो. त्याचे सगळे सौंदर्य यातच आहे आणि सगळी नाजुकीही. आंबट पदार्थ लागला की तो खातो. लिंबू, चिंच, दही. आमच्या भागाचे नाव कशासाठी, तर आमचुरासाठी! तेल तो पिऊन टाकतो आणि पिवळा पडतो. हळद, शेंदूर यांचे डाग आत मुरतात. सातपुड्याचा चार महिन्यांचा पाऊस उघड्यावर खाल्ला तर पॉलिश जाऊन तो खरबरीत होतो.

म्हणजे मूर्ती आली की पहिल्याच पावसाळ्याच्या आत छप्पर पाहिजे. छप्पर आले की फरशी आली. महाग मूर्ती, म्हणून जाळीचे दार आले. दाराला कुलूप आले. कुलपाला किल्ली, आणि किल्ली एका घरात राहणार. कोणाच्या? आत्ताच ठरवा, नंतर भांडणे नकोत. मग कोणीतरी सांगणार की तेल-शेंदूर लावू नका, डाग पडतात. मोहाची धार आत सोडू नका, वास येतो. बकरा-कोंबडा समोर नको, पांढऱ्या फरशीवर रक्त दिसते. दुसरा कोणीतरी सुचवणार की आरती सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळेला व्हावी, आणि आरती म्हणायला येणारा माणूस बाहेरून आणावा, कारण आपल्या पुजाऱ्याला ती येत नाही. दहा वर्षांनी पुजारा कट्ट्यावर बसलेला असेल आणि आत दुसरेच कोणी. यात कोणाचा कट नसतो. दगड सांभाळायचा म्हणून एकेक गोष्ट होत जाते. मी आमच्याच भागात दोन-तीन पाड्यांवर हे होताना पाहिले आहे, नावे घेत नाही. संगमरवर एकटा येत नाही, तो आपले सगळे घरदार घेऊन येतो आणि जुन्या माणसांना अंगणात बसवतो.

यावर ग्रुपवर एकाने विचारले होते, देवमोगऱ्यालाही देऊळ आहेच ना? आहे. ती तिथली, तिच्या ठाण्याची गोष्ट. तिच्याकडे आपण चालत जातो, टोपली घेऊन जातो. तिला जयपूरमार्गे पाड्यावर बोलावून घेणे वेगळे.

आणि मोठे, उंच, डोळे दिपवणारे आमच्याकडे काही नाही असे ज्याला वाटते त्याने काठीची होळी आठवावी. इ. स. १२४६ पासून ती चालत आली आहे असे सांगतात. जंगलातून निवडून आणलेला लांबलचक सरळ बांबू, जो शेकडो हात लागून उभा राहतो. त्याच्यासाठीचा खड्डा लोखंडी अवजार न लावता खणायचा. व्रत धरलेले बुध्या, मोरखी, बावा. अंगभर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू. रात्रभर ढोल. पहाटे होळी पेटते. माझ्या नजरेने बघाल तर त्या रात्री काठीच्या मैदानात शेकडो शिल्पे नाचत असतात. कातडीवर राखेने काढलेली, सकाळी धुऊन जाणारी. पुन्हा पुढच्या वर्षी नवी. जे टिकते तेच मोठे, हा संगमरवरवाल्यांचा विचार. आम्ही आमचे सर्वांत उंच काम दरवर्षी उभे करतो आणि जाळतो, आणि तरी ते शेकडो वर्षे टिकले आहे, कारण ते करणारी माणसे दरवर्षी नवी तयार होतात.

तरीही चुलतभावाच्या पोरीचा प्रश्न उरतोच. ती काय दाखवणार? नुसता नन्नाचा पाढा वाचून मी सुटणार नाही, म्हणून माझा प्रस्ताव मांडतो.

देवाची जागा आहे तशी राहू द्या. झाड, दगड, खांब, शेंदूर, मोहाची धार. तिथे एक वीटही नको.

वर्गणी मात्र जरूर काढा. त्या पैशातून एक शिल्प करून घेऊ. शिल्प म्हणतोय, मूर्ती नाही. बघण्यासाठी, पूजेसाठी नव्हे. आपल्या आदिवासी पोरांपैकी कोणी शिल्पकला शिकत असेल तर त्याला किंवा तिला बोलावू. खानदेशातून शिल्पकार निघत नाहीत असे म्हणू नका. केवडियाचा तो पुतळा घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, १९२५ चा जन्म, जे. जे.त शिकलेले. येणाऱ्याने महिनाभर आपल्याकडे राहावे. आमच्या फुईसमोर, म्हाताऱ्या बायांसमोर बसून त्यांचे चेहरे मातीत करावेत. गोंदणाचा प्रत्येक ठिपका विचारून घ्यावा. अलिबागजवळच्या सासवण्याला विनायकराव करमरकरांचे संग्रहालय आहे, तिथे गावातली कोळीण आहे, गावातली म्हैस आहे, सिमेंटमध्ये. जमले तर पोरांना एकदा तिथे नेऊ. साध्या माणसाचा पुतळा होतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे.

आणि विषय? तो माझ्या मनात पक्का आहे. महाशिवरात्रीला डोक्यावर धान्याची टोपली घेऊन देवमोगऱ्याला चालत निघालेली आपली बाई. म्हात्र्यांची बाई देवळाच्या वाटेवर होती, आपलीही असू दे. फक्त वाट सातपुड्याची. दगड इथलाच काळा घ्यावा असे माझे मत. पण तुमचा पांढऱ्याचाच हट्ट असेल तर पांढराही चालेल, मी अडवणार नाही. गोंदण मात्र त्यावर पाहिजे. उभी करायची शाळेच्या आवारात. पोरीला कोणी विचारले, तर तिने हात धरून तिथे न्यावे आणि सांगावे, की ही माझी आजी, आणि ती जिच्याकडे चालली आहे ती आमची देवी. देवी बघायची असेल तर आजीच्या मागे चालावे लागेल.

या कामाला माझे पाच नाही, दहा हजार. जयपूरच्या मूर्तीला माझ्याकडून काही मिळणार नाही, हे राग न धरता समजून घ्यावे. ज्यांना पटले नसेल त्यांनी फोन न करता इथेच खाली लिहावे, शांतपणे उत्तर देईन. आणि ज्यांना पटले असेल त्यांनी आधी चुलतभावाला समजवावे, माझे तो ऐकत नाही.